गाडी थांबवते कोण?

३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत एक जागतिक विक्रम झाला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या भागात एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आता रस्ता गुळगुळीत झाला की गाड्यांचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की प्रश्न येतो तो गाडी थांबवण्याचा.

तुमच्या ओळखीत एखादा गाडीवेडा दादा असेलच. समजा, त्याच्याकडे जोरकस इंजिनाची छोटी मोटार आहे. जिचे मागचे दार वरच्या बाजूला उघडते अशा मोटारीला ‘हॅचबॅक’ म्हणतात. पुण्याजवळ चाकणला पूर्वी तयार होणारी आणि २०१३ साली बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही याच जातीची. तिचे १.२ लिटरचे इंजिन १०५ अश्वशक्ती देई. दादा म्हणतो, “ब्रेकला आता शर्यतीच्या गाडीचे पॅड बसवतो!” त्याने पैसे मोजण्यापूर्वी आपण थोडे गणित करू.

धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग, हे तिचे सूत्र तुम्ही शाळेत शिकला आहात. माणसांसह १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १ लाख १६ हजार ज्यूल ऊर्जा असते. वेग ताशी १०० झाला की ऊर्जा ४ लाख ६३ हजार ज्यूल होते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट!

दादाने ब्रेक दाबला की ही ऊर्जा जाते कुठे? चाकाबरोबर बिडाची एक गोल तबकडी फिरत असते. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमट्यासारखे घट्ट धरतात. घर्षणामुळे गतिज ऊर्जेची उष्णता होते आणि तबकडी ती हवेत सोडून देते. ताशी १०० वेगाच्या गाडीला एकदा थांबवताना निघणाऱ्या उष्णतेने ३० अंशांचे दीड लिटर पाणी उकळू लागेल.

आता गाडी चिखलदऱ्याला नेऊ. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तर पायथ्याकडचे परतवाडा सुमारे ३७० मीटरवर. उतरताना ७०० मीटरचा फरक धरला, तरी ८२ लाख ज्यूलहून अधिक स्थितिज ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. म्हणजे ताशी १०० वेगावरून गाडी सुमारे १८ वेळा थांबवण्याइतकी! यातली काही ऊर्जा हवेचा विरोध आणि टायर घेतात. पण उरलेली सगळी ब्रेकवर टाकली, तर तबकडीला निवायला उसंतच मिळत नाही. तिचे तापमान काही शे अंशांवर जाऊ शकते. त्यापुढे वऱ्हाडातले ४५ अंशांचे ऊनसुद्धा किरकोळच म्हणायचे!

पॅड इतके तापले की काय होते, हे समजण्यासाठी त्यात काय असते ते पाहू. पॅड म्हणजे अनेक पदार्थांचे दाबून भाजलेले मिश्रण. त्यात धागे असतात, पोलादाचे किंवा अन्य पदार्थांचे. घर्षण नियंत्रणात ठेवण्यासाठी ग्रॅफाइट आणि कठीण भुकट्या असतात. आणि गंमत अशी, की कोकणात ज्याचे ढीग पडतात त्या काजूच्या टरफलांच्या तेलापासून केलेली भुकटीही पुष्कळ पॅडमध्ये घालतात. हे सगळे घटक राळेसारख्या एका पदार्थाने बांधलेले असतात. पॅड मर्यादेबाहेर तापला की ही राळ विघटन पावते. त्यातून निघालेला वायू पॅड व तबकडी यांच्या मध्ये येतो आणि घर्षण घटते. पाय जोराने दाबला तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. पूर्वी धाग्यांसाठी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने आता ॲस्बेस्टॉसविरहित पॅडच निवडावेत.

घर्षण मोजायचे कसे? एक सोपा प्रयोग करा. गुळगुळीत फळीवर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. रबर घसरू लागताच फळीच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. त्या टोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून फळीच्या दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतरही मोजा. उंचीला या अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. लाकडाचा तुकडा आणि नाणे ठेवून हाच प्रयोग करा आणि आकडे ताडून पाहा.

पॅडच्या घर्षणांकासाठी इंग्रजी अक्षरांची एक खूण वापरतात. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पुष्कळ पॅडवर अशी दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले नेहमीच्या तापमानाचे, दुसरे तापलेल्या स्थितीचे. ‘एफई’ असेल तर पॅड तापल्यावर ढिला पडतो असे समजावे. ‘एफएफ’ असेल तर तो दोन्ही स्थितींत बराचसा सारखा राहतो. मात्र ही चाचणी प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यावर घेतात. पॅड किती दिवस टिकेल, हे तिच्यावरून कळत नाही.

मग शर्यतीचे पॅड सर्वांत उत्तम नाहीत का? ते भरपूर तापलेल्या अवस्थेत काम करण्यासाठीच बनवतात. थंड असताना त्यांची पकड कमी असते. सकाळी घरून निघालेल्या दादासमोर राजकमल चौकात अचानक सायकलवाला आला, तर तेव्हा त्याचे ब्रेक थंडच असणार!

आणखी एक गोष्ट. पॅड चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवतो टायर आणि रस्ता यांच्यामधला घर्षणांक. कोरड्या रस्त्यावर तो ०.८ धरला, तर ताशी १०० वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ४९ मीटरवर थांबेल. पावसात तो ०.५ झाला, तर ७९ मीटर लागतील. चांगल्या स्थितीतले मूळ ब्रेकही चाके घसरण्याच्या सीमेपर्यंत नेऊ शकतात. म्हणून नुसते महाग पॅड बसवून एकदा थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही. त्यांचा फायदा दिसतो तो घाटात, पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना.

ब्रेकच्या तेलाकडेही लक्ष हवे. ते हवेतली आर्द्रता शोषते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ते दाबले जातात, आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो.

तेव्हा दादाला काय सांगाल? सांगा, की थंडीतही पकडणारा आणि तापल्यावरही टिकणारा, रस्त्यासाठीच बनवलेला चांगला पॅड घे. वर्तुळात ‘ई’ हे अक्षर आणि सोबत संयुक्त राष्ट्रांच्या नियम ९० चा क्रमांक असेल, तर त्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असल्याचे तपासलेले असते. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदल. जुने तेल काढून नवे भर. टायर झिजले असतील तर आधी ते बदल. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर, म्हणजे ब्रेकचा बराच भार इंजिन उचलेल. हा शेवटचा उपाय तर फुकटच आहे!

आता एक गणित तुमच्यासाठी. अकोल्याच्या नव्या रस्त्यावर दादाने ताशी १०० ऐवजी ८० चा वेग ठेवला, तर ब्रेकला किती टक्के कमी ऊर्जा जिरवावी लागेल? उत्तर काढा आणि दादाला दाखवा.