दारात शेवगा लावा, पाला ताटात येऊ द्या



रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, पालेभाजी मिळत नाही. उन्हाळ्यात जुडीचा भाव चढला की बस्तीतल्या घरात आधी भाजीच कमी होते. जी असेल ती पुरुषांच्या आणि लेकरांच्या ताटात जाते. बाई चटणी-भाकरीवर भागवते. त्याचा हिशेब रक्तात निघतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या लेकरांत हे प्रमाण जवळपास 69 टक्के होतं.

धाप लागणं, चक्कर येणं, पापणीची आतली बाजू फिकट दिसणं याला आपण "बाईला अशक्तपणा असायचाच" म्हणतो. नर्सची नोकरी करताना हे वाक्य मी रोज ऐकलं. हा नशिबाचा भाग नाही, आजार आहे आणि तो बरा होतो.

त्यासाठी दारातला शेवगा मोठी मदत करतो. तेलंगणाच्या सीमेजवळच्या आपल्या भागात त्याला मुनगाही म्हणतात. शेंगा आपण आवडीने खातो, पाला मात्र शेळीला टाकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ओल्या पाल्यात साडेचार मिलिग्रॅम लोह आणि तीनशेहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शिवाय डोळ्यांसाठी लागणारं अ जीवनसत्त्व त्यातून मिळतं.

शेत नसलं तरी चालतं, दोन हात जागा पुरते. एकदा रुजला की वर्षानुवर्षं टिकतो. घरचे चार महिने कामाला बाहेरगावी गेले तरी तो सहसा मरत नाही, छाटला की पुन्हा फुटतो.

"शेवगा दारात लावू नये" असं काही जण सांगतात. त्यात अपशकुन काही नाही. त्याचं लाकूड ठिसूळ असतं, वाऱ्यात फांदी मोडते. म्हणून पत्र्यापासून आणि विजेच्या तारेपासून लांब लावा आणि उंच वाढू देऊ नका.

लावायचा कसा?

पावसाळ्याच्या सुरुवातीला मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी आणा. एक-दोन दिवस सावलीत ठेवून तिचा तिसरा हिस्सा मातीत गाडा. बी लावलं तरी येतं. आपली काळी माती पाणी धरते आणि साचलेल्या पाण्यात शेवग्याची मुळं कुजतात. म्हणून मातीत मुरूम किंवा वाळू मिसळा, उंचवटा करून लावा. नालीच्या घाण पाण्यावर वाढवू नका. जागाच नसेल तर तळाला भोकं पाडलेला जुना ड्रम चालेल.

झाड कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात आणि पाला हाताला येतो. पुढे दरवर्षी छाटा. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे झुबके दिसले तर हात लावू नका, अंगाला खाज सुटते. काठीने काढून नष्ट करा.

खायचा कसा?

कोवळा पाला धुऊन काड्या काढा. मुगाच्या डाळीत, तुरीच्या वरणात किंवा झुणक्यात घाला. शिजवलेलं पाणी फेकू नका. जेवताना वरून लिंबू पिळा, त्याने पाल्यातलं लोह अंगी लागतं. चहाने ते अडतं, म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. पाला जास्त असेल तर सावलीत वाळवून भुकटी करा आणि भाकरीच्या पिठात चमचाभर मिसळा.

गोळी सोडू नका

बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. एक ओंजळ पाल्यातून जेमतेम दोन मिळतं. म्हणून पाला गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला खायचा. गरोदरपणात 180 आणि बाळंतपणानंतर 180 लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या आशाताईंकडून मागून घ्या. गरोदर बाईने शिजवलेला पाला भाजीपुरता खावा, पण शेवग्याची साल किंवा मुळी औषध म्हणून कधीच घेऊ नये. चालताना धाप लागत असेल तर आधी रक्त तपासा.

यंदा वर्षावास सुरू होताना विहाराच्या आवारात दोन-तीन फांद्या लावू या. ज्यांच्या दारात जागा नाही, त्या घरांनी तिथून पाला न्यावा. आणि भाजी वाढताना पहिला वाटा घरातल्या गरोदर, बाळंतीण आणि वयात आलेल्या लेकीच्या ताटात पडू द्या.