व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान हे भारताच्या उत्तराखंड राज्यातील चमोली जिल्ह्यात असलेले उच्च पर्वतीय राष्ट्रीय उद्यान आहे. हिंदीत ते 'फूलों की घाटी' या नावाने ओळखले जाते. पावसाळ्यात फुलणाऱ्या अल्पाइन कुरणांसाठी हे उद्यान प्रसिद्ध असून त्याचे क्षेत्रफळ ८७.५० चौ. किमी आहे. १९८२ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८८ मध्ये झाला होता. २००५ मध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्स त्याच वारसास्थळास जोडण्यात आले. उद्यानात केवळ दिवसा प्रवेश मिळतो. तेथे मुक्काम करण्यास व तंबू ठोकण्यास मनाई असल्याने पर्यटकांना दरीच्या तोंडाशी असलेल्या घांघरिया येथे राहावे लागते.

भूगोल

उद्यानातील मुख्य दरी सुमारे ८ किमी लांब व २ किमी रुंद आहे. दरीचा फुलांनी बहरणारा भाग समुद्रसपाटीपासून साधारणतः ३,३०० ते ३,७०० मीटर उंचीवर असून भोवतालची शिखरे ६,००० मीटरपेक्षा उंच आहेत. टिपरा हिमनदीपासून निघणारी पुष्पावती नदी दरीतून वाहते. घांघरियाजवळ ती हेमकुंडाकडून येणाऱ्या हेमगंगेला मिळते. पुढे हा प्रवाह लक्ष्मणगंगा या नावाने वाहत जाऊन गोविंदघाट येथे अलकनंदेस मिळतो.

वर्षातील निम्म्याहून अधिक काळ दरी हिमाच्छादित असते. बर्फ वितळल्यानंतर वनस्पतींना वाढीसाठी जेमतेम तीन ते चार महिने मिळतात. रुजणे, फुलणे आणि बी धरणे ही सर्व कामे त्यांना या अवधीतच उरकावी लागतात. उद्यानातील बहुतेक निर्बंधांचे मूळ या अल्प हंगामात आहे.

इतिहास

भ्यूंडार खोऱ्यातील रहिवाशांना ही दरी पूर्वापार परिचित होती. उन्हाळ्यात व पावसाळ्यात मेंढपाळ आपले कळप येथे चरावयास आणीत. दरीत पऱ्यांचा वास आहे, अशी लोकसमजूतही सांगितली जाते.

बाहेरच्या जगाला तिची ओळख झाली ती १९३१ मध्ये. कामेट (७,७५६ मी) शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन व आर. एल. होल्ड्सवर्थ हे ब्रिटिश गिर्यारोहक भ्यूंडार खिंड ओलांडून या दरीत उतरले. स्माइथ १९३७ मध्ये येथे पुन्हा आले, तंबू ठोकून राहिले आणि त्यांनी वनस्पतींचे नमुने व बिया गोळा केल्या. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' या ग्रंथामुळे हे नाव रूढ झाले. १९३९ मध्ये वनस्पतींच्या अभ्यासासाठी आलेल्या जोन मार्गारेट लेग यांचा कड्यावरून घसरून मृत्यू झाला. त्यांची समाधी दरीतच असून पर्यटक तेथवर जातात.

वनस्पती व प्राणी

उद्यानात सपुष्प वनस्पतींच्या ५०० हून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे. निळी हिमालयीन खसखस, प्रिम्युला, अ‍ॅनिमोन, जिरेनियम, पोटेंटिला, नागफणीसारखा फुलोरा असलेली कोब्रा लिली तसेच तेरड्याच्या जातकुळीतील गुलाबी फुलांची झुडपे येथे आढळतात. उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ अधिक उंचीवरील खडकाळ उतारांवर, विशेषतः हेमकुंडाच्या वाटेवर, दृष्टीस पडते. दरीच्या आरंभी भूर्ज व बुरांस यांचे विरळ वन आहे.

जून महिन्यात दरीत हिरवळ अधिक व फुले कमी असतात. बहर साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत टिपेला असतो. तथापि या काळातही दर आठवड्यास काही फुले मावळतात व दुसरी उमलतात. त्यामुळे दरीचा प्रमुख रंग बदलत राहतो. महाराष्ट्रातील वाचकांस येथे साताऱ्याजवळील कास पठाराची आठवण होणे साहजिक आहे. दोन्ही ठिकाणचा बहर अल्पकालीन असला, तरी त्याची कारणे निराळी आहेत. कास येथे जांभ्या खडकावरील मातीचा पातळ थर पावसाळ्यानंतर सुकून जातो, तर येथे थंडी व बर्फ वाढीचा काळ मर्यादित करतात.

हिमबिबट्या, कस्तुरीमृग, भरल, हिमालयीन थार, काळे व तपकिरी अस्वल हे येथील उल्लेखनीय सस्तन प्राणी होत. मोनाल हा उत्तराखंडचा राज्यपक्षीही येथे आढळतो.

प्रवास

हृषीकेशहून जोशीमठमार्गे गोविंदघाट सुमारे २७० किमी अंतरावर आहे. तेथून पुलना गावापर्यंत सुमारे ४ किमी वाहनाने जाता येते. पुलना ते घांघरिया ही ९ ते १० किमीची चढण पायी किंवा खेचरावरून पार करावी लागते. घांघरियापासून दरीचा पायी मार्ग ३ ते ४ किमी आहे. उद्यानात खेचरांना प्रवेश नाही. चालू न शकणाऱ्यांना पाठीवरील कंडीतून नेणारे मजूर मिळतात.

उद्यान सामान्यतः १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते. वन विभागाच्या चौकीवर नोंद करून परवाना घ्यावा लागतो. दुपारनंतर नवीन प्रवेश दिला जात नाही आणि सायंकाळपूर्वी परत येणे बंधनकारक असते. म्हणूनच सकाळी लवकर निघणाऱ्यास दरी अधिक काळ पाहता येते. बहराचा हंगाम हाच अतिवृष्टीचाही हंगाम असल्याने बद्रीनाथ मार्गावर दरडी कोसळून रस्ता बंद पडण्याचे प्रसंग येतात. प्रवासाच्या आखणीत एक-दोन दिवस राखून ठेवणे हिताचे असते.

मुक्काम

घांघरिया (सुमारे ३,०५० मी) ही हंगामी वस्ती आहे. येथे गुरुद्वारा, गढवाल मंडल विकास निगमचे विश्रामगृह, लहान हॉटेले व भाड्याने मिळणारे तंबू अशी निवासाची सोय असते. हेमकुंड साहिब या शीख तीर्थस्थानाचे यात्रेकरूही येथेच राहतात. ४,३०० मीटरहून अधिक उंचीवरील हेमकुंड येथेही रात्री राहता येत नाही. हिवाळ्यात घांघरिया निर्मनुष्य होते.

गोविंदघाट सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजेच घांघरियापर्यंत १,२०० मीटरहून अधिक चढ होतो. डोकेदुखी, मळमळ, दम लागणे ही उंचीच्या विकाराची लक्षणे दिसल्यास पुढे न चढता विश्रांती घ्यावी, आणि त्रास वाढल्यास तत्काळ खाली उतरावे. शरीरास उंचीची सवय व्हावी म्हणून अनेक जण आधी दरी पाहतात व हेमकुंडाची खडी चढण दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात. पावसाळी अंगरखा, ऊबदार कपडे व ओल्या दगडावर न घसरणारी पादत्राणे आवश्यक असतात.

मुक्कामबंदीची कारणे

अल्पाइन कुरणातील मातीचा थर पातळ असतो. एकाच जागी तंबू ठोकल्यास खालील रोपे दबतात, आणि हंगाम लहान असल्याने त्याच वर्षी ती पुन्हा उभारी धरू शकत नाहीत. सरपणासाठी तोडलेला भूर्ज वाढण्यास अनेक दशके लागतात. थंडीमुळे अन्नाचा उरलेला भाग व मानवी मैला सावकाश कुजतो. शिवाय अन्नाच्या वासाने अस्वले आकर्षित होतात. शेजारच्या नंदादेवी अभयारण्याचा अनुभवही या संदर्भात महत्त्वाचा आहे. १९७४ नंतर तेथे गिर्यारोहण मोहिमांची व पदभ्रमण करणाऱ्यांची ये-जा वाढली. कचरा साचला, सरपणासाठी झाडे तोडली गेली, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तो प्रदेश बंद करावा लागला.

चराईबंदी व मतभेद

राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतर दरीतील चराईही थांबविण्यात आली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथे येणाऱ्या मेंढपाळांचे हंगामी मुक्काम संपुष्टात आले. पुढील काळात पॉलिगोनम या गटातील, स्थानिक भाषेत 'अमेला' म्हटली जाणारी उंच वनस्पती दरीच्या काही भागांत दाट पसरली व तिच्या सावलीत लहान फुलझाडे दडपली जाऊ लागली. गुरे व मेंढ्या ती खात व तुडवीत असल्याने पूर्वी तिची वाढ आटोक्यात राहत होती, असे काहींचे मत आहे. स्माइथ यांनी वर्णिलेली दरी ही चराई चालू असलेली दरी होती, याकडेही ते लक्ष वेधतात. याउलट, ही वनस्पती प्रामुख्याने हिमलोट, दरडी व जुने मेंढवाडे यांमुळे विस्कळीत झालेल्या जमिनीवर वाढते. तेव्हा चराई पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हे, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन आहे. वन विभाग ही झाडे मजुरांकरवी उपटून काढतो.

मुक्कामबंदीमुळे दरी वाचली असली, तरी पर्यटकांचा व यात्रेकरूंचा भार घांघरिया व तेथवरच्या वाटेवर पडला. प्लास्टिक, खेचरांची लीद व सांडपाणी या तेथील मुख्य समस्या आहेत. भ्यूंडार येथील ग्रामस्थांची पारिस्थितिकी विकास समिती वाटेची स्वच्छता व कचऱ्याची वाहतूक यांत सहभागी असते. जून २०१३ च्या महापुरात लक्ष्मणगंगेने भ्यूंडार गावाची मोठी हानी केली आणि पायवाट काही ठिकाणी नव्याने बांधावी लागली. चराईचा हक्क गेल्यानंतर या खोऱ्यातील अनेक कुटुंबांची उपजीविका उद्यानाच्या पाच महिन्यांच्या हंगामावर अवलंबून आहे. मार्ग बंद पडल्यास पर्यटकांची सहल हुकते. या कुटुंबांचे मात्र वर्षाचे उत्पन्न बुडते.