चौकोनी ठोकळ्यांचं फुगीर पोट

‘पाथफाइंडर १’ हे हवाई जहाज (एअरशिप) सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरून उडालं, तेव्हा चर्चा झाली ती त्याच्या लांबीची आणि गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या पैशांची. मला भुरळ घातली ती आतल्या सांगाड्याने: कार्बन फायबरच्या १०,००० नळ्या, टायटॅनियमचे ३,००० सांधे आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या १३ कड्या. लेगोचं हवाई जहाज रचणाऱ्यांना ही रीत चांगलीच ओळखीची आहे.

लेगोच्या ठोकळ्यांतून फुगीर पोट काढायचं, तर काही ठोकळे आडवे करून त्यांच्या टिकल्या (वरचे गोल उंचवटे) बाजूंना वळवाव्या लागतात. शौकीन याला ‘स्नॉट’ (स्टड्स नॉट ऑन टॉप) म्हणतात. ते जमतं मापामुळे. शेजारच्या दोन टिकल्यांच्या मध्यबिंदूंत ८ मिमी अंतर, पातळ प्लेटची जाडी ३.२ मिमी. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की १६ मिमी, म्हणजे नेमकी दोन टिकल्यांची रुंदी! म्हणून आडवा थर उभ्या थरात चपखल बसतो. लेगो रचनाकार ब्रूस लोवेल यांचा प्रसिद्ध गोल असाच आडव्या जोडणीचा: मध्ये सहाही बाजूंना टिकल्या असलेला गाभा, त्यावर सहा सारखी कवचं. हा गाभा लांबवला, की बाजूच्या चार कवचांतून जहाजाचं पोट तयार होतं.

तरीही मला बिजागरीची रीत अधिक सच्ची वाटते. लांब पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडून कड्यांभोवती गुंडाळायच्या. त्याने पोट बहुकोनी दिसतं, अशी तक्रार होते. पण खरी झेपेलिनं, म्हणजे ताठ सांगाड्याची जर्मन हवाई जहाजं, बहुकोनीच होती! ‘ग्राफ झेपेलिन’च्या कड्यांना २८ बाजू होत्या, ‘हिंडेनबर्ग’च्या ३६. बाजू इतक्या, की लांबून सगळं गोल भासे. त्यामुळे नाकाच्या जागी तयार घुमटाचा एकच मोठा तुकडा बसवणं मला पटत नाही. तिरप्या कडेच्या वेज प्लेटांनी पट्ट्या निमुळत्या करत न्याव्यात. वेळ लागतो, पण जहाजाची बांधणी डोळ्यांना कळते.

अवघड जातं ते वजन. ‘हिंडेनबर्ग’ची लांबी २४५ मीटर, जाडी ४१.२ मीटर. त्याच प्रमाणात १२ टिकल्या जाडीची प्रतिकृती केली, तर ती सुमारे ५७ सेंमी लांब होते आणि एका खांबावर ठेवली की दोन्ही टोकांना झुकते. खऱ्या जहाजात पोटाच्या मधोमध माणूस चालेल असा लांब बोळ होता. नेमक्या त्याच जागी लेगो टेक्निकच्या दांड्यांचा कणा घालावा, त्यावर कड्या ओवाव्यात आणि पट्ट्या सगळ्यांत शेवटी चढवाव्यात.