तीन गोळ्यांचं गणित

एका गोळीत २०० मायक्रोग्रॅम औषध आहे. बाळंतिणीला ६०० मायक्रोग्रॅम द्यायचं आहे. किती गोळ्या द्याल? नर्सिंगच्या परीक्षेत असला प्रश्न आला की मुलींना हायसं वाटतं. फुकटचे गुण! पण या ६००च्या आकड्याची परीक्षा कुणी घेतली, हे शोधत गेलं की माणूस बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत येऊन पोचतो. म्हणजे जिथल्या मुली हे गणित सोडवत असतात, तिथंच.

अमेरिकेतल्या काही राज्यांत रुग्णांना ठरलेली औषधं देण्याचं काम करणारे वेगळे मदतनीस असतात. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळी परीक्षा, वेगळं प्रमाणपत्र. आपल्याकडे असं वेगळं पद नाही. हे काम एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्या सिस्टरांच्या गळ्यात. निपाणीची मुलगी बेळगावला शिकली तर तिची परीक्षा बंगळूरच्या मंडळाची, तासाभरावर कोल्हापूरला शिकली तर मुंबईच्या मंडळाची. सीमाप्रश्नाला इथंही सुट्टी नाही. पाठ करायची सूत्रं मात्र दोन्हीकडे तीच: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि दिल्यावर लगेच नोंद.

वाचायला हे सोपं वाटतं. ‘योग्य रुग्ण’ म्हणजे काय, ते वॉर्डात उभं राहिल्यावर कळतं. केसपेपरवर नाव इंग्रजीत, पाटीवर कन्नडमध्ये आणि कॉटवरची मावशी मराठी बोलणारी. अशा वेळी ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारायचं नसतं. झोपेत किंवा तापात असलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. म्हणून ‘मावशी, तुमचं नाव सांगा बघू’ असं म्हणायचं आणि ते तिच्या तोंडून आलं की कागदाशी ताडून बघायचं. एवढ्याशा फरकानं एकीचं औषध दुसरीच्या पोटात जायचं टळतं.

मात्रेची तर वेगळीच तऱ्हा. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग. घाईत लिहिलेलं एखादं अक्षर चुकीचं वाचलं तर चूक दुप्पट-तिप्पट होत नाही, हजारपट होते. इन्शुलिनचं बघा. आपल्याकडे एका मिलिलीटरला ४० युनिट असलेल्या कुप्या मिळतात आणि १०० युनिटच्याही. त्यांच्या सिरिंजा वेगळ्या. ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी. शंभराचं इन्शुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये २० या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर धाडकन उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. टोपणाचा रंग हा परीक्षेतला क्षुल्लक प्रश्न वाटतो. माझ्या मते सगळ्या प्रश्नपत्रिकेतला तोच सर्वांत मोलाचा.

आता पुन्हा त्या तीन गोळ्यांकडे.

औषधाचं नाव मिसोप्रोस्टॉल. ते मुळात पोटातल्या अल्सरसाठी आलं. अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. त्यानं गर्भाशय आवळतं, म्हणून गरोदर बायकांनी ते घेऊ नये असा इशारा होता. ज्या गुणाची भीती, तोच गुण नेमक्या क्षणी वापरला तर जीव वाचवतो.

तो क्षण कोणता, हे समजायला बाळंतपणात आत काय घडतं ते पाहावं लागेल. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांना बाहेरून टाका घालणारा कुणी नसतो. गर्भाशयाचे स्नायू एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतूनच गेलेल्या असतात. स्नायू आवळले की त्याच विणीत रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. शरीर स्वतःच गाठ मारतं! ही गाठ ढिली राहिली की रक्तस्राव थांबत नाही. त्यावरचं उत्तम औषध ऑक्सिटोसिन, पण ते टोचावं लागतं आणि साधारणपणे थंड ठेवावं लागतं. २००२ साली, वीज येऊन-जाऊन असलेल्या खेड्यात, घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणाला हे कुठून आणायचं? गोळीला ना सुई लागते, ना फ्रीज.

बेळगावच्या केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ सालचं. तिथल्या डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड डर्मन यांच्याबरोबर सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक चाचणी केली. १,६२० बायका. त्यांतल्या ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळालं हे देणाऱ्या सिस्टरलाही ठाऊक नाही. आणि देणाऱ्या कोण? मोठ्या पदव्यांचे डॉक्टर नव्हेत. २५ एएनएम. बाळंतपण त्यांनी केलं, गोळ्या त्यांनी दिल्या, रक्त त्यांनीच मोजलं.

हे रक्त मोजणं मला गोळीइतकंच थक्क करतं. बाळंतपणात रक्त जुन्या लुगड्यात, गोधडीत, जमिनीत जिरतं. नजरेनं अंदाज केला की तो कमीच निघतो. बेळगावच्याच एका अभ्यासात नजरेचा अंदाज प्रत्यक्ष मोजमापापेक्षा तेहतीस टक्क्यांनी कमी आढळला. म्हणून या मंडळींनी एक प्लॅस्टिकची चादर तयार केली. बाळ झालं की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. खालच्या बाजूला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी आणि तिच्यावर मिलिलीटरच्या खुणा. रक्त त्यात उतरतं आणि सिस्टर आकडा वाचते. पाचशेच्या खुणेला पोचलं की अतिरक्तस्राव. अंदाज नको, वाद नको.

निकाल २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या १२ जणींना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ जणींना. हजार मिलिलीटरच्या वरचा गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. अठरा जणींना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी वाजणं आणि ताप हे त्रास वाढले, पण ते तात्पुरते. आणखी एक गोष्ट त्यात नोंदलेली आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही: काळ गेला तसा रक्तस्राव दोन्ही गटांत कमी होत गेला. रोज नीट मोजणाऱ्या हातांना सराव झाला, असं मला वाटतं.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. जिथं ऑक्सिटोसिन मिळत नाही तिथं ते वापरावं म्हणून. खुणा असलेली तशी चादरही पुढे गेली. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या ऐंशी रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेल्या एका चाचणीचा निकाल २०२३ साली आला. चादरीनं रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि सगळे उपचार एकदम सुरू करायचे, एवढ्यानं गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटले.

आणि ‘योग्य वेळ’? तीच गोळी बाळ पोटात असताना या मात्रेत दिली तर गर्भाशय फाटू शकतं. म्हणून आधी पोटावर हात ठेवून दुसरं बाळ आत नाही ना, याची खात्री करायची आणि मगच गोळ्या द्यायच्या. जुळं कळलंच नसेल तर जीव वाचवणारी गोळी जीवावर उठते. पाठ केलेल्या पाच सूत्रांतलं शेवटचं सूत्र हे असं बोटांच्या टोकाशी येऊन थांबतं.

बेळगाव-निपाणीकडच्या नर्सिंग कॉलेजांतल्या शिक्षकांना एक विनंती. २०० आणि ६००चं गणित फळ्यावर लिहाल, तेव्हा उत्तर ‘तीन’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका. हा आकडा याच जिल्ह्यातल्या पंचवीस एएनएमनी तपासून पाहिला, हे वर्गाला सांगा. समोर बसलेल्या मुलींतल्या बऱ्याच जणींना आपल्याच जिल्ह्याची ही गोष्ट कुणी सांगितलेली नसेल.