नकाराची दुसरी बाजू

सिन्नरच्या माणसाला सीएनसी यंत्राचे नवल नाही. पण पाच अक्षांवर अतिसूक्ष्म अचूकतेने चालणाऱ्या यंत्रावर पंपाचा पंखा घडतो, तसाच क्षेपणास्त्राचा भागही. अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंवर आणि त्यांमागच्या ज्ञानावर निर्यात-नियंत्रण कायदे नजर ठेवतात. संशोधनाला ते कुठे अडवतात, हे समजायला पुण्याचे उदाहरण पुरेसे आहे.

१९८०च्या दशकात बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला अमेरिकी क्रे महासंगणक मिळाला नाही. दिल्लीत हवामान अंदाजासाठी आला तो कमी ताकदीचा, तोही वापरावरच्या कडक अटींसह. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. नकारातून स्वावलंबन, अशी ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला तिच्यातला एक तपशील अधिक बोलका वाटतो. परममधले ट्रान्सप्युटर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे होते. अख्खे यंत्र मिळत नव्हते, चिप मिळत होत्या. त्या समांतर जोडून कामाला लावण्याची विद्या इथे घडली. म्हणजे एक दार बंद होते, तरी दुसरे उघडे होते.

आज किल्ली आपल्याही हातात आहे. ‘स्कोमेट’ यादीतल्या वस्तूंसाठी भारत स्वतः परवाने देतो. डिसेंबर २०१७मध्ये आपण वासेनार व्यवस्थेतही सामील झालो. या नियमांत निर्यात म्हणजे केवळ बंदरातून जाणारी पेटी नव्हे. यादीतल्या तंत्रज्ञानाचा आराखडा ईमेलने परदेशी पाठवणे हीसुद्धा निर्यातच. अमेरिकेत तर असे तंत्रज्ञान तिथल्याच प्रयोगशाळेत परदेशी विद्यार्थ्याला उलगडून दाखवले, तरी ती निर्यात ठरू शकते.

मूलभूत संशोधनाला आणि प्रसिद्ध झालेल्या ज्ञानाला सूट असते. मात्र प्रायोजक कंपनीने निष्कर्ष गुप्त ठेवण्याची अट घातली, की त्या सुटीचा आधार डळमळतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीच यादी पाहायला हवी.

मोठ्या संस्थांत हे पाहणारी माणसे असू शकतात. तालुक्याच्या महाविद्यालयात संशोधक, लिपिक आणि वकील एकच प्राध्यापक असतो. खात्री नसली, की तो परदेशी सहकाऱ्याला उत्तर देणेच टाळतो आणि यादीत नसलेले ज्ञानही अडकून पडते. असा सल्ला विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांना दिला पाहिजे. परमला जे दार उघडे सापडले, ते आपल्याच धास्तीने बंद व्हायला नको.