आधीच्या रुग्णांचं देणं

सकाळी ८.३०. प्लेटा इन्क्युबेटरमधून बाहेर आल्या, की आधी कंट्रोलची प्लेट मोजायची. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा ई. कोलाय, एटीसीसी २५९२२. जेंटामायसिनच्या चकतीभोवती त्याचं वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे. नाही बसलं, तर आज जेंटामायसिनचा एकही निकाल वॉर्डात जात नाही, मग कितीही फोन येवोत.

९.४०. ब्लड कल्चरच्या यंत्राने एक बाटली पॉझिटिव्ह दाखवली. ग्रॅम स्टेनमध्ये लालसर दांडके दिसले आणि मी लगेच फोन उचलला.

“मॅडम, मेरोपेनेम सुरू करू का?”

“पेशंट बाहेरून आलाय, की तुमच्याच आयसीयूत आहे?”

“दहावा दिवस आहे, मॅडम. व्हेंटिलेटरवर.”

जंतूचं नाव आणि सेन्सिटिव्हिटी हाती यायला अजून एक-दोन दिवस लागणार. तोवर आधार एकच, याच आयसीयूत आधी येऊन गेलेल्या रुग्णांच्या कल्चरची बेरीज मांडणारा तक्ता. आमच्या आयसीयूच्या तक्त्यात क्लेबसिएला मेरोपेनेमला फारशी दाद देत नाही. मेडिसिन वॉर्डाचा तक्ता वेगळं सांगतो. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली असती, तर ती दोन्हीकडे चुकीची ठरली असती. म्हणून वॉर्डनिहाय तक्त्यांसाठी मी हट्टाने भांडते.

११.००. व्होनेटमध्ये नोंदी. बॉस्टनमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एका रुग्णाचा तोच जंतू वर्षात पाचदा वाढला, तरी तक्त्यात पहिलाच मोजायचा. नाहीतर दीर्घकाळ पडून असलेला एकच रुग्ण पाच रुग्णांसारखा दिसतो आणि सगळं चित्र काळवंडतं. एखाद्या जंतूचे ३० नमुने जमले नसतील, तर टक्केवारी छापायची नाही. तरीही एक उणीव उरतेच. गावात साध्या लघवीच्या संसर्गाला कल्चर कोण करतं? आमच्याकडे नमुना येतो तो बहुतेकदा दोन औषधं फसल्यावर. त्यामुळे आमचा तक्ता गावापेक्षा रुग्णालयाबद्दल जास्त बोलतो. रेझिस्टन्सवर लक्ष ठेवणारं आयसीएमआरचं जाळं २०१३ पासून चालू आहे. त्यातले आकडेही मोठ्या रुग्णालयांतून येतात हे विसरून वाचू नयेत. आणि फॉर्मवरचा ‘आधी दिलेलं अँटिबायोटिक’ हा रकाना रिकामा आला, की मला मनापासून वाईट वाटतं. तेवढ्या एका शब्दाने नोंदीला अर्थ येतो.

दुपारी १.३०. रिपोर्टवर सह्या. एका बाईंच्या लघवीत ई. कोलाय, ताप नाही, नायट्रोफ्युरान्टॉइन चालतंय. ते वर छापलं, मेरोपेनेम मुद्दाम छापलं नाही. जे डोळ्यांसमोर येतं तेच लिहिलं जातं. नायट्रोफ्युरान्टॉइन रक्तातल्या किंवा मूत्रपिंडातल्या संसर्गाला उपयोगाचं नाही. पण मूत्राशयापुरत्या दुखण्याला ते असताना राखीव औषध का खर्चायचं?

३.३०. संगणकावर एकाच आठवड्यात, नवजात कक्षातून, तीन क्लेबसिएला. तिघांचीही रेझिस्टन्सची मांडणी तंतोतंत सारखी. हा योगायोग मानायला मी तयार नव्हते. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरना घेऊन थेट वर गेले. सिंक पाहिलं, सक्शनच्या नळ्या पाहिल्या, हँडरबच्या बाटल्या पाहिल्या.

“सिस्टर, ही सलाइनची बाटली कधी उघडली?”

“सकाळच्या शिफ्टमध्ये असेल, मॅडम. फ्लशला वापरतो सगळ्यांना.”

तिच्यातून आणि सिंकमधून नमुने घेतले. निकालाची वाट न बघता बाटली काढून टाकली; यापुढे प्रत्येक बाळाला वेगळी छोटी कुपी. मावशींनी विचारलं, “बाळांना काही होणार नाही ना, मॅडम?” आजारी असलेल्या तिघांना एका बाजूला घेतलं, त्यांच्यासाठी वेगळी सिस्टर नेमली, आणि हे मी मावशींना नीट समजावून सांगितलं. नव्या अँटिबायोटिकची चर्चा खूप होते. त्या खोलीतल्या तीन सारख्या ओळी वेळेत दिसणं मला त्याहून मोलाचं वाटतं.

रात्री १०.४५. कॅज्युअल्टीतून रेसिडेंटचा फोन. सत्तरीच्या आजी, थंडी-ताप, लघवीला जळजळ, रक्तदाब घसरलेला.

“मॅडम, तक्त्यात आपल्याकडच्या ई. कोलायला अमिकासिन चांगलं दिसतंय. देऊ?”

“क्रिएटिनिन बघून डोस ठरव. कल्चर घेतलंस?”

“दोन्ही हातांतून घेतलं, लघवीही पाठवली. घरी तीन दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन घेत होत्या, तेही फॉर्मवर लिहिलंय.”

“मग थांबू नकोस. पहिला डोस आत्ता दे.”