रविवारची कोंबडी आणि तुमचं पान

रविवारी दुपारी घरात कोंबडीचा वास सुटला की सगळ्यांना कशी वेळेवर भूक लागते, नाही? एरवी तीनदा हाका मारल्याशिवाय न उठणारी मुलं आपणहून येऊन बसतात. ह्यांचं वर्तमानपत्र मिटतं. आणि तुम्ही? तुम्ही तव्यापाशी. एक भाकरी तव्यावर, एक परातीत, मध्येच कुणाला रस्सा वाढायचा, मध्येच कांदा चिरून द्यायचा. सगळ्यांचं आटोपल्यावर तुम्ही पातेल्यात पळी फिरवता, तेव्हा हाती लागतो तो मानेचा तुकडा, नाहीतर नुसता बटाटा. "मला मानच आवडते," असं आपण म्हणतो. इतकी वर्षं म्हणतो की घरातल्यांना ते खरंच वाटायला लागतं!

मैत्रिणींनो, आज जी तिखट-गोड भाजलेली कोंबडी सांगणार आहे, ती चवीला झकास आहेच. पण तिचा खरा गुण निराळाच आहे. एकदा ओव्हनमधून बाहेर आली की तिला ना तवा लागतो, ना पळी. शिवाय ट्रेमध्ये तुकडे मोजून मांडलेले असतात. रश्शात कुणाचे किती गेले ते कळत नाही, इथे कळतं. चौघांना आठ तुकडे, म्हणजे तुमचे दोन. तेवढे लक्षात ठेवा!

ओव्हनमधलं भाजणं हे काही आपलं नव्हे, असं मात्र म्हणू नका. रायगडकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ते भाजणंच की! आणि गोडाचं म्हणाल, तर चिंचगुळाची आमटी खाऊन वाढलेली माणसं आपण. मुंबईचे पारशी तर कोंबडीत जर्दाळू घालतात. तेव्हा तिखट, आंबट आणि गोड यांची मैत्री आपल्याला नवी नाही.

साहित्य (चार माणसांसाठी) : कोंबडीचे चार अख्खे लेगपीस, साधारण एक किलो. दुकानातच सांध्यावर कापून आठ तुकडे करून घ्या. पाऊण वाटी घट्ट दही, दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण, दोन चहाचे चमचे ब्याडगीचं तिखट, अर्धा चमचा हळद, दीड चहाचा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल. तीन बटाटे, दोन कांदे. वरून लावायच्या पाकासाठी तीन मोठे चमचे चिरलेला गूळ किंवा काकवी, दोन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, एक चहाचा चमचा तिखट, चार लसूणपाकळ्या ठेचून, चिमूटभर मिरपूड आणि मीठ.

कृती : शनिवारी रात्रीच तुकड्यांना दोन-तीन खोल चिरा द्या. दही, वाटण, ब्याडगीचं तिखट, हळद, मीठ आणि तेल एकत्र करून चिरांमध्ये नीट चोळा आणि झाकून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. आपल्याकडे कोंबडी बहुधा कातडी काढून मिळते. कातडी नसली की कोरड्या आचेत मांस लवकर सुकतं. दही आणि तेल त्याला ओल धरून ठेवतात.

रविवारी ओव्हन २०० अंश सेल्सियसवर पंधरा मिनिटं तापू द्या. बटाट्याच्या जाड फोडी अर्ध्याकच्च्या उकडून, कांद्याच्या चकत्यांबरोबर ट्रेमध्ये पसरा. त्यावर तुकडे मांडा, पण खेटून नको. चिंच आणि दही आंबट असल्यामुळे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा स्टीलचा किंवा ओव्हनच्या काचेचा ट्रे बरा. काचेचा असेल तर फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, तडकेल. वरून तुकड्यांना न टेकेल असा फॉइलचा कागद घट्ट लावा आणि पंचवीस मिनिटं भाजा.

आता कागद काढा. ट्रेमध्ये बरंच पाणी सुटलेलं असेल. घाबरू नका, तेच तर सोनं आहे! ते अलगद कढल्यात ओता आणि ट्रे उघडाच पुन्हा आत ठेवा, दहा मिनिटं. तोवर कढल्यातल्या पाण्यात गूळ, कोळ, तिखट, मिरपूड, मीठ आणि ठेचलेला लसूण घालून खळखळून उकळा आणि चमच्याला चिकटेल इतका दाट पाक आटवा. निम्मा पाक तुकड्यांवर लावा, सहा-सात मिनिटांनी उरलेला लावा, आणि आणखी सहा-सात मिनिटांत तुकडे लालबुंद, चकचकीत दिसू लागतील. या वेळी ओव्हनसमोरून हलू नका.

का, ते माझ्या फजितीवरून सांगते. पहिल्या खेपेला मला वाटलं, गूळ आधीच मसाल्यात मुरवला तर चव आतपर्यंत जाईल. सगळा गूळ दह्यातच कालवला. अर्ध्या तासात स्वयंपाकघरात धूर! तुकडे वरून कोळसा आणि हाडापाशी लाल. चूक साधी होती. कोंबडी आतपर्यंत शिजायला पाऊण तास लागतो. गूळ-साखर तेवढ्या आचेला त्याच्या किती तरी आधी करपते आणि कडू होते. म्हणून तिखट आधी, गोड शेवटी. एवढं एक सूत्र सांभाळलंत तर हा पदार्थ सहसा बिघडत नाही.

शिजली का, हे रंगावरून ठरवू नका. सर्वांत जाड तुकड्याला हाडाजवळ सुरीचं टोक लावा. लालसर पाणी आलं तर अजून दहा मिनिटं. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तमच. आत ७४ अंश सेल्सियस दिसले की निर्धास्त व्हा.

एक जुनी सवय सोडायला हवी बरं का! कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुवू नका. बारीक शिंतोडे ओट्यावर, धुतलेल्या भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात आणि त्यांतून पोट बिघडवणारे जंतू पसरतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ साली याविषयी लोकांना मोठं आवाहन केलं होतं. जंतू आचेने मरतात, पाण्याने नव्हे. मनाला पटतच नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात हळूच बुडवून काढा आणि नंतर मोरी, ओटा, हात साबणाने धुवा. सुरी-पाटही निराळा ठेवा, आणि दह्याचा उरलेला कच्चा मसाला शिजलेल्या तुकड्यांना लावू नका.

ओव्हन नाही? अडत नाही. जाड बुडाच्या कढईत थोड्या तेलावर तुकडे मांडून झाकण ठेवा, मंद आचेवर मध्ये मध्ये उलटत अर्धा-पाऊण तास शिजवा आणि झाकण काढून पाक लावून परता. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र हा खरपूस रंग येत नाही, कन्व्हेक्शनची सोय हवी. घरात कुणी शाकाहारी असेल तर फ्लॉवर किंवा पनीर याच पाकात, पण स्वतंत्र ट्रेमध्ये आणि कोंबडीच्या आधी भाजून घ्या. त्यांचंही पान त्याच वेळी मांडलं जाईल.

आता मुख्य गोष्ट. या जेवणाबरोबर भाकरी किंवा गरम फुलके ठेवू नका. ठेवलेत की पुन्हा तव्यापाशी उभ्या राहाल! बेकरीतले लादीपाव आणा, किंवा कोंबडी ओव्हनमध्ये गेली की कुकरला जिरेभात लावा. कांदा-काकडीची कोशिंबीर आधीच करा. फक्त मीठ शेवटी घाला, म्हणजे पाणी सुटणार नाही. ट्रे बाहेर काढल्यावर तुकडे पाच-सात मिनिटं तसेच राहू द्यावे लागतात, म्हणजे रस आतच मुरतो. त्या पाच मिनिटांत पानं घ्या, पाण्याचा तांब्या-भांडी, मीठ, लिंबू, सगळं टेबलावर आणून ठेवा. आणि गॅस बंद करून, हात पुसून, बसा.

पहिल्या दिवशी जरा चमत्कारिक वाटेल. कुणीतरी सवयीने म्हणेल, "आई, पाणी." तुम्ही निम्म्या उठाल. उठू नका. "तांब्या तुझ्या हाताशीच आहे," असं हसून सांगा. तो हात पुढे करील. काही बिघडत नाही. कोंबडी आपण वर्षानुवर्षं रांधतो, पण वाफाळती असताना, सगळ्यांबरोबर, मनासारखा तुकडा घेऊन किती वेळा खाल्ली, हे जरा आठवून पाहा. मुलं आपल्या सांगण्यापेक्षा आपलं वागणं पाहून शिकतात. आई सगळ्यांबरोबर जेवते, हे त्यांनी पाहिलं तर उद्या त्यांच्याही घरात तसंच होईल.

आणि हो, कुणी मानेचा तुकडा शोधलाच, तर सांगा, आज मान आणलीच नाही.